घरचा रंग, घरची गोधडी

दिवाळीच्या तोंडावर घर आवरावयास काढले, की प्रत्येक मराठी घरात एक गाठोडे हमखास निघते. त्यात जुनी पातळे असतात, विरलेली धोतरे असतात, मुलांच्या उसवलेल्या चादरी असतात. ती नेसवत नाहीत, टाकवत नाहीत आणि बोहारणीलाही देववत नाहीत. मग गाठोड्याची गाठ पुन्हा घट्ट बसते आणि ते पुढच्या दिवाळीपर्यंत माळ्यावर जाते. या गाठोड्याची गोधडी करावी, हा विचार पुष्कळ जणींच्या मनात येतो. पण सगळी कापडे पसरून पाहिली, की उत्साह ओसरतो. निम्मी पांढरी, निम्मी विटकी. एकही रंग दुसऱ्याशी बोलत नाही! अशा वेळी मी माझ्या मैत्रिणींना एकच गोष्ट सांगते : बाई गं, आधी चूल पेटव, पातेले ठेव, आणि मग सुई हातात घे.

कापड घरी रंगविणे ही काही नवलाची गोष्ट नव्हे. मोहेंजोदडोच्या उत्खननात चांदीच्या भांड्याला चिकटून राहिलेला सुती कापडाचा एक चिमुकला तुकडा मिळाला, तोदेखील मंजिष्ठेच्या जातीच्या तांबड्या रंगात रंगविलेला होता. आपल्याकडे तर गावोगाव रंगारी आळ्या होत्या. निळीचे काम करणारे ते निराळी. खानदेश-वऱ्हाडात आलीच्या झुडपाची लागवड होई आणि तिच्या मुळांपासून तांबडा रंग निघे. लक्ष्मीपूजनाला पाटावर मांडल्या जाणाऱ्या चोपड्यांना जो तांबडा खारवा चढवीत, तो याच रंगाचा.

मग हे सारे गेले कुठे? १८५६ साली लंडनमध्ये विल्यम पर्किन नावाचा अठरा वर्षांचा मुलगा हिवतापावरचे क्विनीन प्रयोगशाळेत तयार करू पाहत होता. क्विनीन राहिले बाजूला आणि त्याच्या हाती जांभळा रंग लागला! पुढे १८६८ साली ग्रेबे आणि लीबरमान या जर्मन शास्त्रज्ञांनी मंजिष्ठेच्या वर्गातला तांबडा रंग कृत्रिम रीतीने तयार केला आणि १८९७ साली कृत्रिम नीळही बाजारात आली. आलीची शेते मोडली, निळीचे हौद कोरडे पडले. रंगारी आळ्यांची नावे तेवढी उरली.

आता मुख्य विषयाकडे वळू. रंगविण्यातले निम्मे यश रंग उकळण्यापूर्वीच ठरलेले असते, ते कापडाच्या धुण्यात. नव्या कापडाला खळ असते. जुन्या कापडात साबण, कांजी आणि अंगाचे तेल मुरलेले असते. म्हणून कापड आधी धुण्याचा सोडा आणि थोडा साबण घालून तासभर उकळावे. पाणी चहासारखे पिवळट होते, ते पाहून घाबरू नये, तोच मळ. धुऊन वाळवल्यावर त्यावर पाण्याचा एक थेंब टाकून पाहावा. थेंब लगेच जिरला तर कापड तयार. मोत्यासारखा वर बसून राहिला तर पुन्हा उकळावे.

कापड निखळ सुती आहे ना, हेही आधी पाहावे. कडेचा एक धागा काढून चिमट्यात धरून जाळावा. सूत कागदासारखे जळते आणि त्याची मऊ राख होते. पॉलिएस्टर वितळते आणि कठीण मणी उरतो. असल्या कापडावर घरचा कोणताही रंग चढत नाही, तेथे श्रम वाया घालवू नयेत.

आपल्या घरात सर्वांत सोपा रंग कोणता? हळद, असे कोणीही सांगेल. हळद लागते झटकन आणि दिसते सुंदर. पण तिच्यावर विश्वास टाकू नये. धोतरावर वरणाचा डाग पडला आणि त्याला साबण लावला, की तो लालभडक होतो, हे प्रत्येक गृहिणीने पाहिलेले आहे. हळदीला क्षार लागला की ती लाल होते. आपले कुंकू पूर्वी याच गुणावर होत असे. आणि तोच डाग उन्हात टाकला की नाहीसा होतो. डाग घालवावयास हे बरे. पण गोधडी काय सावलीतच वाळवावयाची?

टिकाऊ रंगासाठी कापड आणि रंग यांची सोयरीक जुळवून देणारा कोणीतरी मध्यस्थ लागतो. शास्त्रीय भाषेत त्याला रंगबंधक म्हणतात. सुती कापडाला आपले जुने मध्यस्थ दोन : हिरडा आणि तुरटी. माझे प्रमाण अर्ध्या किलो कोरड्या कापडासाठी देते. हिरड्याची पूड १०० ग्रॅम घेऊन ती कोमट पाण्यात कालवावी, त्यात ओले कापड रात्रभर बुडवावे, सकाळी पिळून तसेच वाळवावे. कापडाला फिकट पिवळी झाक येते. मग ७५ ग्रॅम तुरटी गरम पाण्यात पूर्ण विरघळवून, त्या पाण्यात कापड पुन्हा रात्रभर ठेवावे. एवढे झाले की एका खळबळण्यात वरवरची तुरटी काढून रंगाला लागावे.

रंगासाठी बाजारात जाण्याचे कारण नाही. डाळिंबाच्या वाळलेल्या साली २०० ग्रॅम पाण्यात भिजत घालून तासभर उकळल्या, की पिवळ्या रंगाचा काढा तयार. कांद्याची कोरडी टरफले पाव किलो जमवली, तर सोनेरी-नारिंगी रंग येतो. पाव किलो टरफले जमवावयास महिना लागतो, पण ती रोज निघतातच! तांबड्यासाठी काष्ठौषधींच्या दुकानातून मंजिष्ठा पाव किलो आणावी. ती रात्रभर भिजवून मंद आचेवर, उकळी फुटू न देता शिजवावी. काढा गाळून घ्यावा, कापड आधी साध्या पाण्यात भिजवून मग त्यात सोडावे. भांडे एवढे मोठे हवे, की कापड त्यात मोकळे फिरेल. अर्ध्या किलोला दहा लिटर पाणी धरावे. भांड्यात कापड कोंबले, की डाग आणि पट्टे पडलेच म्हणून समजा. तासभर सारखे हलवीत राहावे आणि रंग त्याच पाण्यात थंड होऊ द्यावा.

काळसर छटा हव्या असतील तर हिराकस आणावा, किंवा गंजके खिळे आणि गूळ पाण्यात घालून दोन-तीन आठवडे आंबवावेत. हिरडा लावलेले कापड या पाण्यात बुडवले, की डोळ्यांदेखत राखी आणि मग काळे होत जाते. जुन्या दौतीतली शाई अशीच होई. डाळिंबाच्या पिवळ्यावर हेच पाणी फिरवले, तर शेवाळी रंग मिळतो. पण जपून! लोखंड अधिक झाले, तर काही वर्षांनी कापड कुजल्यासारखे फाटते. विरलेल्या जुन्या पातळाला ते लावू नये.

हे सारे मी पुस्तकात वाचून शिकले नाही. शिकले ती माझ्या आत्याकडून. तेही तिच्या मागे. हा प्रकार थोडा सविस्तर सांगावयास हवा.

माझी आत्या १९४८ साली, वयाच्या एकोणिसाव्या वर्षी माहेरी परत आली. तेव्हापासून ती साताऱ्याच्या आमच्या घरी राहिली. दर दिवाळीला माझे वडील सर्वांना नवी पातळे आणीत. आईला हिरवे, काकूंना जांभळे, आत्याला पांढरे, बारीक काठाचे. तिला कोणी सक्ती केली नव्हती आणि कोणी विचारलेही नव्हते. परंतु घरात बाळ जन्माला आले, की त्याचे दुपटे आत्याच शिवी. कोणत्या तुकड्याशेजारी कोणता तुकडा बसेल, हे तिच्या नजरेला जसे कळे, तसे आमच्यापैकी कोणालाच कळत नसे. शेजारणी आपल्या चिंध्या घेऊन तिच्याकडे येत. विटलेले कापड मागील दारी पातेल्यात उकळून ती त्याला असा रंग देई, की मालकीण ओळखत नसे. हातांची बोटे मात्र पिवळी होत, ती ती चिंच लावून घासून काढी.

१९९६ साली ती गेली. तिच्या ट्रंकेत सात पांढरी पातळे निघाली, घडीवर घडी. मी ती पुण्यास आणली आणि त्यांची गोधडी करावयाची ठरवली. पांढऱ्यावर पांढरी गोधडी कोण पांघरणार? म्हणून ती रंगवावी, असे मी म्हटले मात्र, काकू एकदम गंभीर झाल्या.

"अगं, जन्मभर ज्या बाईने पांढरे सोडले नाही, तिच्या मागे तिच्या वस्त्रांना रंग लावतेस?" त्या म्हणाल्या. "वन्सं असत्या, तर हे त्यांना चाललं असतं का?"

"काकू, त्यांना चाललं असतं की नाही, हे आपण कधी विचारलं होतं का?" मी म्हटले.

काकू काही बोलल्या नाहीत. त्यांनी भावनेने विचारले होते आणि प्रश्न खोटाही नव्हता. गेलेल्या माणसाच्या वतीने बोलण्याचा अधिकार मला तरी कोणी दिला होता? पातळे चार महिने तशीच पडून राहिली.

उत्तर निघाले ते ट्रंकेच्या तळाच्या कागदाखालून. तेथे एक चपटी पुरचुंडी होती. उघडली तर आत चाळीस-एक चिंध्या. प्रत्येक चार बोटे रुंद, प्रत्येक निराळ्या रंगाची, आणि प्रत्येकीला टाचलेली कागदाची चिठी. आत्या चौथी यत्ता शिकलेली. अक्षर मोठे आणि सुटे. एका चिठीवर होते : "डाळिंब, तुरटी, दोन वेळा." दुसरीवर : "कांदा. एका दिवाळीपासून दुसऱ्या दिवाळीपर्यंत." हळदीच्या चिंधीवर : "हळद. दोन महिने." ती चिंधी जवळजवळ पांढरीच झाली होती. हिरडा आणि हिराकसाच्या काळ्या चिंधीवर फक्त एवढेच : "गेला नाही." काही चिंध्या अर्ध्या गडद होत्या आणि अर्ध्या फिक्या. त्याचे कारण मागाहून उमजले. अर्धी चिंधी पुठ्ठ्याखाली झाकून उरलेली ती खिडकीच्या उन्हात ठेवीत असे, म्हणजे उन्हाने रंग किती उतरतो ते शेजारी शेजारी दिसे. रंगशाळेतले लोक आजही परीक्षा अशीच घेतात.

ती पुरचुंडी मी काकूंच्या मांडीवर ठेवली. त्यांनी एकेक चिठी चष्मा लावून वाचली. बराच वेळ झाला. मग त्या म्हणाल्या, "रंगव. पण एक तसंच ठेव. तेही त्यांचंच होतं."

सहा पातळे आत्याच्या चिठ्यांबरहुकूम रंगवली. डाळिंबाचे पिवळे, कांद्याचे सोनेरी, मंजिष्ठेचे तांबडे, आणि तीन निळीची. सातवे पांढरे राहिले; ते गोधडीच्या मधोमध आहे. ती गोधडी आज माझ्या भावाच्या नातीकडे आहे. रंग थोडे निवले आहेत, पण सारखेच निवले आहेत, त्यामुळे ती जुनी न दिसता मुरलेली दिसते.

निळीविषयी दोन शब्द स्वतंत्रपणे लिहावयास हवेत. कपडे पांढरे दिसावे म्हणून घालतो ती धुण्याची नीळ निराळी आणि रंगाची नीळ निराळी. ही खरी नीळ पाण्यात विरघळतच नाही. तिच्यातला प्राणवायू काढून घेतला, तरच ती क्षारयुक्त पाण्यात उतरते. घरी हे काम गूळ आणि चुना करतात. निळीची पूड एक भाग, विरवलेला चुना दोन भाग आणि गूळ तीन-चार भाग, असे गरम पाण्यात कालवून झाकून ठेवावे. पाणी हिरवट-पिवळे झाले आणि वर तांबूस साय धरली, की नीळ तयार झाली असे समजावे. दक्षिणेकडचे रंगारी याच कामासाठी टाकळ्याचे बी वापरीत. आपण पावसाळ्यात भाजी करतो तोच टाकळा. नीळ हिरड्या-तुरटीची मिंधी नाही. ओले कापड आत बुडवून अलगद बाहेर काढावे. ते आधी हिरवे दिसते, मग वारा लागताच आपल्यासमोर निळे होत जाते. मुलांना हे अवश्य दाखवावे. कोणत्याही जादूगाराच्या खेळापेक्षा सरस आहे! गडद रंग हवा तर एकदाच फार वेळ न ठेवता, थोडे थोडे चार-पाच वेळा बुडवावे. हातांत रबरी मोजे मात्र हवेत. चुना कातडीला सोडीत नाही. आणि याच निळीच्या सक्तीच्या लागवडीपायी शेतकरी कसा भरडला गेला, हे १९१७ सालच्या चंपारण्याच्या सत्याग्रहाने सगळ्या देशाला दाखवून दिले, हेही मुलांना जाता जाता सांगावे.

एवढा खटाटोप ज्यांना जमणार नाही, त्यांनी मन खट्टू करू नये. १९५६ साली एका इंग्रज कंपनीने सुताशी रासायनिक रीतीने जोडले जाणारे रंग प्रथम बाजारात आणले. त्यांना चूल लागत नाही. अर्ध्या किलो कापडाला पाच ते दहा ग्रॅम रंग, दहा लिटर कोमट पाणी, पाव ते अर्धा किलो मीठ, आणि अर्ध्या तासाने १०० ग्रॅम धुण्याचा सोडा. खायचा सोडा नव्हे, हे ध्यानात ठेवावे. चार-सहा तासांनी आधी गार पाण्यात आणि मग कढत साबणाच्या पाण्यात, पाणी स्वच्छ येईपर्यंत धुवावे. रंग धुण्याला पक्के असतात आणि छटा हवी ती मिळते. मात्र कोरडी पूड हाताळताना नाकातोंडाला फडके बांधावे. ती श्वासातून जाणे वाईट. सुटा, बिननावाचा, कागदाच्या पुडीतला रंग घेऊ नये. काही अ‍ॅझो रंग घातक ठरल्यामुळे १९९७ साली आपल्या सरकारने अशा कित्येक रंगांवर बंदी घातली. बाळाच्या अंगाखाली जाणाऱ्या दुपट्यासाठी तर ही काळजी दुप्पट घ्यावी.

रंग झाडापाल्याचे असोत की पुडीतले, रंगविण्याची भांडी स्वयंपाकाच्या भांड्यांत मिसळू नयेत. स्टेनलेस स्टीलचे किंवा कल्हई-टवका न उडालेले इनॅमलचे पातेले उत्तम; तांब्या-लोखंडाच्या भांड्यात रंग पालटतो. मोरचूद घालून रंग पक्का होतो असे कोणी सांगेल, पण ते विष आहे. घरात लहान मुले असताना त्या वाटेला जाऊच नये.

आता सुई. रंगवलेला प्रत्येक तुकडा ओल्या पांढऱ्या फडक्याने घासून पाहावा. फडक्याला रंग लागला, तर तो तुकडा पुन्हा धुवावा. नाहीतर पहिल्याच धुण्यात गोधडीभर त्याची स्वारी होईल. गडद आणि फिक्या छटा आलटूनपालटून ठेवाव्यात. एकाच पातेल्यातले तीन तुकडे एकामागून एक बुडवले, तर एकाच रंगाच्या तीन पायऱ्या मिळतात. बाजारात असे संच शोधूनही सापडत नाहीत. थर चार-पाचांहून अधिक नकोत, नाहीतर सुई अडते. कर्नाटकातल्या सिद्दी बायका आपली कवंदी कडेपासून सुरू करून धावदोरा घालीत आत आत येतात आणि शेवट मधोमध करतात. या रीतीत कापड सरकत नाही, सुरकुती पडत नाही. आपल्या गोधडीलाही ती रीत उत्तम लागू पडते.

पुष्कळ जणी विचारतात, एवढ्या कष्टात विकतची दुलई आली नसती का? आली असती, आणि कदाचित स्वस्तही पडली असती. पण विकतच्या दुलईत आपल्या घरातले कोणी नसते. गाठोड्यातल्या प्रत्येक कापडाला एक अंग होते, एक चाल होती. ती माणसे आपल्या हाती पुन्हा येत नाहीत. त्यांचे रंग मात्र थोडे आणता येतात. कधीकधी तर जे रंग त्यांना हयातीत मिळाले नाहीत, तेही देता येतात.

तेव्हा भगिनींनो, यंदा दाराचे झेंडूचे तोरण सुकले म्हणून कचऱ्यात टाकू नका. फुले सावलीत वाळवून डब्यात भरा. हिरडा-तुरटी लावलेल्या कापडाला त्यांचा सुरेख पिवळा रंग येतो. फराळाच्या निमित्ताने सोललेल्या डाळिंबांच्या साली त्याच डब्यात जाऊ द्या. पहिल्याच वेळी सगळे गाठोडे पातेल्यात घालू नका. चार बोटे रुंदीच्या चिंध्या घ्या, एकेक रंग करा, आणि प्रत्येकीला चिठी टाचा. रंग कशाचा, किती घातला, कोणत्या तारखेला. अर्धी चिंधी झाकून खिडकीत ठेवा. पुढची दिवाळी येईल, तेव्हा कोणता रंग राहिला आणि कोणता गेला, हे तुमचे तुम्हालाच कळेल. आणि गाठोडे सोडण्याची वेळ तेव्हाची!